शस्त्रक्रियेच्या वणावर लेझर: उपचार इथवर कसा आला

लेझर म्हटलं की इंदूरकरांना आधी ‘कॅट’ आठवतं. १९८४ साली पायाभरणी झालेल्या या केंद्रात, म्हणजे आताच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, शस्त्रक्रियेसाठीचे कार्बन डायऑक्साइड लेझरही तयार झाले. या लेझरचे जनक कुमार पटेल मूळचे बारामतीचे, शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. शोध मात्र १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लागला.

या लेझरचा १०.६ मायक्रॉनचा किरण पाण्यात शोषला जातो. त्वचेत भरपूर पाणी, त्यामुळे किरण पडताच पेशींची वाफ होते. म्हणून सुरुवातीला डॉक्टरांनी तो सुरीसारखा वापरला, केलॉइड म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारे जाड वण कापून काढले. ते पुन्हा वाढले. आजूबाजूला पसरलेली उष्णता म्हणजे नवी जखम, आणि केलॉइड वाढतो तो जखमेवरच.

दिशा बदलली १९८३ मध्ये. अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवलं की तरंगलांबी नेमकी निवडली आणि पल्स, म्हणजे प्रकाशाचा झोत, पुरेसा छोटा ठेवला, तर उष्णता लक्ष्यापुरतीच राहते. ५८५ नॅनोमीटरचा डाय (रंगद्रव्यावर चालणारा) लेझर रक्तातल्या हिमोग्लोबिनवर काम करतो, वणातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद करतो. त्वचारोगतज्ज्ञ टीना ऑल्स्टर यांनी १९९५ मध्ये हृदयशस्त्रक्रियेनंतर छातीवर राहिलेल्या वणांच्या अर्ध्या भागावर तो वापरला, उरलेला अर्धा तसाच ठेवला. तुलना त्याच माणसाच्या त्याच वणावर! लेझर दिलेला भाग चपटा झाला, लाली आणि खाज कमी झाली. ताज्या, लाल, उंच वणासाठी आजही हाच प्रकार आधी विचारात घेतात. नंतर आठ-दहा दिवस जांभळे डाग राहू शकतात, त्याने घाबरू नये.

जुन्या, कडक वणांना खरा उपाय मिळाला तो २००४ मध्ये मांडलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीमुळे. सगळी त्वचा न भाजता मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढ्या रुंदीचे ठिपके पाडायचे. मधली शाबूत त्वचा ते भरून काढते.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत इथेच जपावं लागतं. ठिपके दाट पडले तर सूज वाढते आणि काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. जाड वणावर ठिपक्यांची खोली वाढवावी, दाटी (ठिपक्यांनी व्यापलेला त्वचेचा भाग) पाच टक्क्यांच्या आसपासच ठेवावी. आधी पाऊण ते एक तास बधिर करणारं क्रीम, नंतर खपली आपोआप पडेपर्यंत पेट्रोलियम जेली, मग सनस्क्रीन. दोन बैठकांत चार ते आठ आठवडे हवेतच. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, जायचं असेल, तर त्याआधीच्या पंधरवड्यात बैठक घेऊच नये. ओल्या त्वचेत रंग शिरतो.

केलॉइडला एकटं लेझर अजूनही पुरत नाही. जोडीला ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं लागतात, आणि वण चपटा झाल्यावरही तपासणी चालूच ठेवावी लागते.