बोहारीण

घरोघरी फिरून जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणाऱ्या स्त्रीला महाराष्ट्रात बोहारीण म्हणतात. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचे गाठोडे आणि उंबरठ्यावर रंगलेली घासाघीस हे चाळींतले व वाड्यांतले नेहमीचे दृश्य होते. जरीच्या साडीला विशेष मोल येई, कारण जरीचे धागे जाळून त्यांतली चांदी काढता येत असे. या व्यवसायात गुजरातमधील देवीपूजक (वाघरी) समाजाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. दिल्लीच्या रघुबीर नगरातील जुन्या कपड्यांचा बाजारही याच समाजाच्या कष्टांवर चालतो.

गोळा झालेल्या कपड्यांची हातानेच निवड होते. धड कपडे धुऊन, रफू व इस्त्री करून पुन्हा विकले जातात, आणि फाटक्या सुती कपड्यांच्या चिंध्या यंत्रे पुसण्यासाठी गॅरेजांत व छापखान्यांत जातात. जुनी लोकर पानिपतच्या गिरण्यांत पोचते, जिथे ती रंगांनुसार वेगळी करून, पिंजून तिचे पुन्हा सूत काढले जाते. रंग आधीच जुळवलेले असल्यामुळे या सुताला बहुधा नव्याने रंगवावे लागत नाही आणि रंगाईचे पाणी व रसायने वाचतात.

या व्यवहाराचे पर्यावरणीय मोल कपड्याच्या जन्मकथेत आहे. जगाच्या सरासरीने १ किलो सुती कापडामागे सुमारे १०,००० लिटर पाणी खर्ची पडते, त्यात पिकाने शोषलेले पावसाचे पाणीही धरलेले असते. शिवाय कापूस हे फवारणीचे पीक आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही किंमत कोणत्याही कपड्याच्या चिठ्ठीवर छापलेली नसते. मात्र जुना कपडा नव्याच्या ऐवजी वापरला गेला, तरच ही बचत खरी ठरते. बोहारणीकडून पुढे गेलेला सदरा एखाद्या मजुराची नवी खरेदी टाळतो. परंतु देणाऱ्याने रिकाम्या झालेल्या कपाटात लगेच नवे कपडे भरले, तर तो लाभ तिथेच संपतो.

पॉलिस्टरच्या प्रसाराने ही साखळी अवघड झाली आहे. हा धागा खनिज तेलापासून बनतो, धुताना त्याचे सूक्ष्म तंतू सांडपाण्यात जातात आणि त्याची चिंधी पाणी नीट शोषत नाही. म्हणून बोहारीण कापड आधी बोटांत चुरगाळून पाहते, आणि विटलेल्या पॉलिस्टरच्या साडीवर भांडे द्यायला सहसा तयार होत नाही.