येरेबातान टाके, इस्तंबूल

तुर्कस्तानातील इस्तंबूल शहराच्या जुन्या भागातले बायझंटिन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळातील भूमिगत टाके. आया सोफियापासून ते चालत दोन-तीन मिनिटांवर आहे. वर पूर्वी खांबांच्या ओवऱ्यांनी वेढलेला मोठा चौक, म्हणजे बॅसिलिका, होता; म्हणून त्याला ‘बॅसिलिका टाके’ असेही म्हणतात. ५३२ मध्ये शहरात उसळलेल्या नीका दंगलीनंतर सम्राट पहिला जस्टिनियन याने ते बांधवून घेतले.

कारण साधे होते. या भागात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. त्या दिवसांत शहराबाहेरच्या जंगलातून जलसेतूंनी येणारे पाणी गरजेपेक्षा जास्त असे आणि उन्हाळ्यात टंचाई पडे. हे जादा पाणी साठवण्यासाठी चौकाखालची जमीन खोदली, असे समकालीन इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. आपल्या गडांवरची टाकी बहुधा कातळात खोदलेली असतात. हे मात्र विटांचे बांधकाम आहे. भिंती सुमारे ४ मीटर जाड असून त्यांना पाणी न झिरपणारा गिलावा आहे. लांबी साधारण १४० मीटर, रुंदी ६५ मीटर. ९ मीटर उंचीचे ३३६ खांब, बहुतेक संगमरवरी, १२ रांगांत उभे आहेत. क्षमता सुमारे ८०,००० घनमीटर, म्हणजे ८ कोटी लिटर.

हे खांब बरेचसे जुन्या इमारतींतून आणलेले आहेत, त्यामुळे त्यांची घडण एकसारखी नाही. एका खांबावर थेंबांसारखी नक्षी वरपासून खालपर्यंत कोरलेली आहे आणि तो कायम ओलसर असतो. वायव्य कोपऱ्यात दोन खांबांच्या तळाशी मेडुसाची मुंडकी आहेत, एक आडवे, दुसरे उलटे. मेडुसा म्हणजे ग्रीक पुराणातली सापांच्या केसांची स्त्री; तिच्याकडे पाहणारा दगड होई, अशी समजूत. तिच्या नजरेची बाधा टळावी म्हणून ती तशी ठेवली, अशी कथा सांगितली जाते. पण खांब उंचीला कमी पडत होते आणि हाताशी दगड होता, हेच जास्त पटते. पाण्याखाली बुडणारा चेहरा सरळ बसवण्याची गवंड्यांना गरजही नव्हती. आज प्रवासी ज्याचे फोटो काढतात, ते कुणी पाहावे म्हणून घडवलेलेच नव्हते, आणि या जागेची खरी थोरवी त्यातच आहे.

ऑटोमन काळात टाक्याचा विसर पडला. सोळाव्या शतकात पेत्रुस गिलियस हा फ्रेंच अभ्यासक इथे आला, तेव्हा वरच्या घरांतले लोक तळघरांतून बादल्या सोडून पाणी काढत आणि मासेही धरत. तो मशालीच्या उजेडात होडीतून आत फिरला. मोठ्या दुरुस्तीनंतर १९८७ मध्ये टाके लोकांसाठी खुले झाले. अलीकडच्या डागडुजीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडले.

५२ पायऱ्या उतरताच उन्हाळ्यातही गारवा जाणवतो. आता तळाशी थोडेच पाणी असते आणि त्याच्या वरून फिरायला मार्गिका आहे. छतातून ठिबकते, म्हणून कॅमेरा जपावा. मेडुसापाशी नेहमी गर्दी असते. सकाळी उघडताच थेट त्या कोपऱ्यात जाऊन मग उलट फिरावे. निवांतपणे पाहायचे असल्यास जवळचे ३२ खांबांचे शेरेफिये टाकेही चांगले आहे. ते याहून सुमारे शंभर वर्षे जुने आहे.