सोलापूरच्या उन्हात न वितळणारी जेली

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तरी चायना ग्रासची वडी ताटलीत उभी राहते. जिलेटिनची जेली मात्र पस्तिशीच्या आसपासच पाणी होते. चायना ग्रास म्हणजे अगर, लाल समुद्रशेवाळातली बहुशर्करा, म्हणजे शर्करांची लांब साखळी. आपल्या देशात हे शेवाळ तमिळनाडूतल्या मंडपमच्या किनाऱ्यावर मिळतं. उकळून विरघळवलेला अगर 32 ते 40 अंशांच्या दरम्यान गोठतो, पण पुन्हा वितळायला त्याला 85 अंश तरी लागतात.

शरीराचं तापमान 37 अंश, म्हणजे पोटातही ही वडी वितळत नाही. शिवाय अगरमधल्या शर्करांचे जोड तोडणारं एन्झाइमच माणसाजवळ नाही. त्यामुळे अगरमुळे रक्तातली साखर वाढत नाही. तो तंतू (फायबर) म्हणून मोठ्या आतड्याकडे सरकतो. तिथल्या जिवाणूंनाही तो सहसा पचत नाही. मात्र 2010 साली शास्त्रज्ञांना जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंत एक विलक्षण गोष्ट दिसली. नोरी या शेवाळातली बहुशर्करा पचवणारी जनुकं त्यांच्याकडे समुद्री जिवाणूंकडून आली होती. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेलं शेवाळ असं आतड्यात नवं कसब रुजवून गेलं!

तपकिरी शेवाळातलं सोडियम अल्जिनेट हीही बहुशर्कराच, पण ते वेगळं वागतं. ते गार पाण्यातही विरघळून घट्ट होतं आणि जठरातल्या आम्लात त्याचा जेल बनतो. अन्न हळू पुढे सरकतं, साखर सावकाश शोषली जाते. जळजळीवरच्या काही औषधांत हाच जेल जठरातल्या अन्नावर तराफ्यासारखा तरंगतो.

पण वडीचा हिशेब नीट मांडायला हवा. एक लिटर दुधाला 10 ग्रॅम चायना ग्रास घेतला, तर 100 ग्रॅमच्या वाटीत तंतू जेमतेम 1 ग्रॅम येतो. 120 ग्रॅम साखर घातली असेल, तर वाटीत ती सुमारे 10 ग्रॅम. मधुमेह असलेल्यांनी साखरच मोजावी. 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत सुमारे 5 ग्रॅम तंतू असतात. त्यासाठी मालदांडी ज्वारी सोडून शेवाळाकडे धावायचं कारण नाही.

करताना चायना ग्रास अर्धा तास भिजवून आधी पाण्यातच उकळावा, दोरे पूर्ण दिसेनासे होईपर्यंत. थेट दुधात टाकला तर नीट विरघळत नाही. गार दुधात ओतला तर लगेच गोठून गाठी होतात. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर घालावा, कारण आम्लात उकळलं की साखळ्या तुटतात आणि वडी धरत नाही. कोरडी पूड मात्र कधीच गिळू नये, ती घशात फुगून अडकू शकते.