धूर थांबला की कॉफी चढते

सिगारेट सोडणाऱ्याला पहिल्या काही दिवसांत चिडचिड, धडधड किंवा निद्रानाश जाणवू लागला, की त्याचे सगळे खापर निकोटीनच्या तुटवड्यावर फोडले जाते. प्रत्यक्षात त्यातला काही वाटा कॉफीचा असू शकतो. कॅफीनचे विघटन मुख्यतः यकृतातील सीवायपी१ए२ हे विकर (एन्झाइम) करते आणि तंबाखूच्या धुरातील काही हायड्रोकार्बन संयुगांमुळे या विकराचे प्रमाण वाढते, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात कॅफीनचा निचरा जवळजवळ दुप्पट वेगाने होतो. धूर थांबल्यावर थोड्याच दिवसांत विकर पूर्वपदावर येते, कप मात्र तेवढेच राहतात आणि रक्तातील कॅफीन वाढते. हा प्रताप धुराचा आहे, निकोटीनचा नव्हे. म्हणून तंबाखू चघळणाऱ्याच्या बाबतीत तो दिसत नाही. सिगारेट सोडताना कॉफी निम्म्यावर आणावी, पण एकदम बंद करू नये, ती यासाठीच.

कॅफीन मेंदूतील ग्राहींवर, म्हणजे थकव्याची वर्दी देणारे ॲडेनोसिन हे रसायन जिथे येऊन बसते त्या ठिकाणी, जागा अडवून बसते. थकवा नाहीसा होत नाही, त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही. रोजची मात्रा अचानक तोडली तर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते आणि हा त्रास आठवडाभरही रेंगाळू शकतो. दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कपात केली तर तो बराच टळतो. भाजलेल्या चिकोरीच्या मुळाचे किंवा सातूचे पेय कॅफीनमुक्त असते. ‘हर्बल’ समजून प्यायल्या जाणाऱ्या ग्रीन टीमध्ये मात्र कॅफीन असतेच.

तंबाखूच्या बाबतीत ‘नैसर्गिक’ या शब्दाने अधिकच फसगत होते. निकोटीन हेही वनस्पतीने कीटकांपासून बचावासाठी तयार केलेले रसायनच आहे, आणि तंबाखूविरहित हर्बल सिगारेट जाळली तरी डांबर व कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसांत जायचे थांबत नाहीत. वनस्पतींतून मिळालेला खरा दमदार पर्याय म्हणजे लॅबर्नम वृक्षाच्या बियांतील सायटिसिन. निकोटीनच्याच ग्राहींना ते अंशतः चेतवते, त्यामुळे तलफ शमते आणि सिगारेटमधून मिळणारे सुख फिके पडते. बल्गेरियात १९६४पासून त्याच्या गोळ्या वापरात आहेत आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्या निकोटीनच्या पट्ट्या व च्युइंगगमपेक्षा सरस ठरल्या. अर्थात लॅबर्नमच्या बिया विषारी असतात, त्यामुळे घरगुती काढ्याच्या वाटेला न जाता मोजलेल्या मात्रेची गोळीच, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, घ्यावी लागते.