शिफ्ट सुटल्यावरची लिंक : कामावरचं ट्रेनिंग मोबाईलवर कसं गेलं

जळगाव एमआयडीसीत आता नवा हेल्पर लागला की बूट-हेल्मेट नंतर मिळतं, आधी त्याचा नंबर घेऊन ग्रुपला टाकतात. मग लिंक येते, सेफ्टीचे व्हिडिओ, खाली दहा-पंधरा प्रश्न, पास झालं की सर्टिफिकेट. हे सगळं कोरोनात सुरू झालं असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नाहीये. आणि सध्या जो वाद चालू आहे, म्हणजे घरी बसून बघितलेला व्हिडिओ ड्युटीत धरायचा की नाही, त्याची सुरुवात तर कोरोनाच्या बरीच आधीची आहे.

अगदी पहिलं थोडक्यात सांगतो कारण त्याचा आपल्याशी फार संबंध नाही. हातातल्या फोनवर शिकवायचे मोठे प्रयोग युरोपात २००१ ते २००४ च्या दरम्यान झाले, शाळा सुटलेल्या आणि लिहिण्या-वाचण्यात कच्च्या राहिलेल्या तरुण पोरांसाठी. तेव्हा आपल्याकडे इनकमिंगलासुद्धा पैसे पडायचे, ते २००३ मध्ये बंद झालं.

आपल्या मोठ्या कारखान्यांकडे तेव्हा जे होतं ते कॉम्प्युटरवरचं ट्रेनिंग. कोर्स बहुतेक फ्लॅशमध्ये (ॲनिमेशन चालवायचं जुनं सॉफ्टवेअर) बनवलेले, ट्रेनिंग हॉलच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, आणि एक्स्ट्रुडरवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून आकार देणाऱ्या मशीनवर, काम करणाऱ्या माणसाला माऊस धरायचीच सवय नाही, मग सुपरवायझरच क्लिक करत बसायचा आणि बाकीचे मागे उभे. या कोर्सेसची नोंद कशी ठेवायची त्याचं स्कॉर्म नावाचं स्टँडर्ड २००० साली आलं होतं. त्यात ठळकपणे तीन गोष्टी दिसायच्या : कोर्स पूर्ण झाला का, मार्क किती, वेळ किती गेला. पुढे २०१३ मध्ये एक्सएपीआय नावाचं नवं स्टँडर्ड आलं, त्यात कोर्सच्या बाहेर माणूस प्रत्यक्ष काय करून शिकला तेही नोंदवता येतं, पण साहेब लोकांची नजर ‘पूर्ण’ या एका रकान्यावर बसली ती बसलीच. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण या रकान्यावरून आहे.

२००७ ला आयफोन आला, त्यावर फ्लॅश चालतच नव्हतं आणि कधी चालूही दिलं नाही. त्यामुळे लाखो रुपये घालून बनवलेले कोर्स फोनवर उघडेनात. फोनवरही चालणाऱ्या एचटीएमएल-५ या वेबपेजच्या भाषेचं स्टँडर्ड २०१४ मध्ये पक्कं झालं, फ्लॅश २०२० च्या शेवटी कायमचं बंद पडलं, मधली पाच-सहा वर्षं ट्रेनिंगवाल्यांची जुना माल नव्या डब्यात भरण्यात गेली.

खान्देशात त्या काळात वेगळंच चाललं होतं. गावात बारा-बारा तास लोडशेडिंग, फोन चार्ज करायला तालुक्याच्या दुकानात ठेवायचा, नेट म्हणजे टू-जी. पण मेमरी कार्ड होतं! दुकानदार गाणी भरून द्यायचा, तसेच कोणीतरी ठिबकचे लॅटरल (पिकाजवळच्या बारीक नळ्या) कसे धुवायचे, फिल्टर कसा उघडायचा, केळीचं टिश्यू कल्चर रोप कसं लावायचं याचे छोटे व्हिडिओ ब्लूटूथने एकमेकांना द्यायचा. याला कोणी मोबाईल लर्निंग म्हटलं नाही, त्याचं बजेट नव्हतं न् रिपोर्टही नव्हता. माझ्या मते या भागातलं कामाचं खरं मोबाईल शिक्षण तेच, कारण ज्याला गरज होती तोच मागून घ्यायचा.

मग सप्टेंबर २०१६. त्याआधी एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचे, जिओ आलं आणि मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट. सहा महिन्यांत चटई कारखान्यातला, दालमिलमधला माणूस जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघायला लागला. मशीनचा मेकॅनिक सुरतेहून येईपर्यंत थांबायची गरज नाही, व्हिडिओ कॉल लाव, दाखव, तो सांगेल तसा बोल्ट फिरव. कंपन्यांनी ॲप वगैरे नंतर घेतली, आधी सगळं व्हॉट्सॲपवरच चालायचं. सकाळच्या टूलबॉक्स टॉकचा (काम सुरू करण्याआधीच्या सेफ्टीच्या बोलण्याचा) फोटो, एसओपीची (काम कसं करायचं त्याच्या नियमांची) पीडीएफ जी कोणी उघडत नाही, आणि व्हॉईस मेसेज, जो सगळे ऐकतात. काही सुपरवायझर अहिराणीत रेकॉर्ड करायचे, ते तर दोनदा ऐकलं जायचं.

आता मुख्य वाद. वेळ कोणाचा?

आधी ट्रेनिंग म्हणजे शिफ्टमधून माणसं काढायची, लाईन थोडी थांबायची, चहा-बिस्किट, हजेरीचा कागद. मॅनेजमेंटला ते महाग वाटायचं, आणि खरंच महाग होतं भो, ऑर्डर अडकलेली असताना वीस माणसं हॉलमध्ये बसवणं सोपं नाही. फोन हातात आल्यावर त्यांना मार्ग सापडला : लिंक पाठवा, रविवारपर्यंत पूर्ण करा, न करणाऱ्यांची नावं ग्रुपवर टाका. कोणाचीही वेगळी परवानगी न घेता ट्रेनिंग कामगाराच्या घरात, त्याच्या रिचार्जवर, त्याच्या झोपेच्या वेळेत गेलं. नाईट करून आलेला माणूस दुपारी उठून क्विझ सोडवतो, किंवा सरळ पोराला देतो, पोरगं आठवीत, ते शंभरपैकी शंभर मार्क आणतं.

मॅनेजमेंटची बाजू अशी की हे शिकणं माणसाच्या स्वतःच्या भल्याचं आहे, तो कधीही बघू शकतो, दहा मिनिटांचा तर व्हिडिओ. यात थोडं तथ्य आहे, विसरलं की परत बघता येतं हा फायदा हॉलमधल्या लेक्चरला कधीच नव्हता. पण कारखाने कायद्यात, १९४८ च्या, १९८७ च्या दुरुस्तीने एक कलम घातलं होतं, १११-अ, त्यात आरोग्य आणि सुरक्षेचं ट्रेनिंग शक्य असेल तिथे कारखान्याच्या आतच मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिलं होतं (नोव्हेंबर २०२५ मध्ये हा कायदा जाऊन त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली). त्याच कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर काम गेलं तर दुप्पट दराने ओव्हरटाईम होता. मग सक्तीचा व्हिडिओ काम आहे की नाही? कामगार म्हणतात सक्ती आहे म्हणजे काम आहे. मला त्यांचं पटतं. कारण उद्या बोट गेलं मशीनमध्ये तर फाईलमधून तेच सर्टिफिकेट बाहेर येतं, ‘याला ट्रेनिंग दिलं होतं’. म्हणजे पुराव्यासाठी ते काम, पगारासाठी मात्र नाही.

भुसावळला हाच प्रश्न उलटा दिसतो. तिथे रेल्वेगाडी चालवणाऱ्याला ड्युटीवर स्वतःचा मोबाईल बंद ठेवावा लागतो, आणि ते बरोबरच आहे. मग फोनवर काही शिकायचं तर राहतो तो विश्रांतीचा वेळ, आणि विश्रांतीत कोणी अभ्यासाला बसवला तर पुढच्या ट्रिपला डोळे कोण उघडे ठेवणार. म्हणून तिथे अजून वर्गात बसवून शिकवण्याचं महत्त्व टिकून आहे.

२०२० मध्ये सरकारी खातीही या मार्गाला लागली. एप्रिलमध्ये कोरोनाच्या कामावरच्या लोकांसाठी आयगॉट या सरकारी ऑनलाइन ट्रेनिंगच्या मंचावर कोर्स आले, ऑक्टोबरपासून शिक्षकांचं ‘निष्ठा’ नावाचं ट्रेनिंग दीक्षा या सरकारी ॲपवर गेलं. शहादा-शिरपूरकडे निभावलं, पण वर नंदुरबारच्या डोंगराळ धडगाव-अक्कलकुव्याला रेंजसाठी डोंगराच्या टोकावर जावं लागायचं. तिथल्या पाड्यांवर पावरी बोलणारी माणसं, आणि व्हिडिओ जड हिंदीत.

अंगणवाडीच्या फोनचं प्रकरण यातलंच, जरी त्यातलं ॲप शिकवण्यापेक्षा माहिती भरण्याचं जास्त होतं. राज्यात सेविकांना एक लाखाच्या वर फोन दिले गेले, दोन जीबी रॅमचे. २०२१ च्या मार्चमध्ये पोषण ट्रॅकर हे माहिती भरायचं केंद्राचं ॲप आलं, ते इंग्रजीत, फोन हँग व्हायचे, वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्याच माथी. ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी फोन सरळ परत केले. बातम्यांमध्ये ते ‘तंत्रज्ञानाला विरोध’ असं दाखवायचा प्रयत्न झाला, जे मला साफ चुकीचं वाटतं, कारण त्याच बायका स्वतःच्या घरच्या फोनवरून ग्रुपला रोज फोटो टाकत होत्या. भांडण होतं ते फोन कोणाचा, भाषा कोणाची आणि दुरुस्ती कोणी करायची यावर.

त्यानंतर वेग वाढतच गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी शिकण्याचा खास आठवडा ठेवला, प्रत्येकाने किमान चार तास कोर्स करायचे. खाजगीत व्हिडिओ छोटे होत गेले, दोन मिनिटं, दीड मिनिट, रील बघायची सवय लागलेल्या माणसाला तेवढंच झेपतं असं सांगतात. आवाज आता मशीनच बोलतं, मराठीसुद्धा, फक्त ती मराठी जळगावची नसते.

आपल्याकडच्या काही कारखान्यांनी मधला मार्ग काढलाय. कँटीनजवळ एक टॅब भिंतीला लावलेला, शिफ्टची पहिली दहा मिनिटं त्यासाठी, कंपनीचं वायफाय, प्रश्न तोंडी विचारायचे. पूर्ण व्हायचं प्रमाण कमी दिसतं अशी तक्रार वरून येते, साहजिक आहे, इथे पोरगं क्विझ सोडवत नाही. ही सोय सध्या परमनंट लोकांनाच आहे. कंत्राटी माणसाची दहा मिनिटं ठेकेदाराने सोसायची की कंपनीने, हे ठरेना म्हणून त्यांना लिंक अजून फोनवरच येते.