मोबाईलवरचा पिवळा आणि बाटलीतला पिवळा

"सर, मोबाईलवर लाल नि हिरव्यातनं पिवळा येऊलाय की! तुम्ही तर पिवळा मूळ रंग म्हणून सांगितलात."

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही मराठी शाळेतल्या ड्रॉइंगच्या तासाला हा प्रश्न आता ठरलेला आहे. त्याची उत्तरंही ठरलेली आहेत, आणि तीच ऐकून डोकं उठतं. काही शिक्षक म्हणतात, "कॉम्प्युटरचे रंग वेगळे असतात, तू वहीत बघ." काही जण, विशेषतः वर्गात नवा स्मार्टबोर्ड लागला की, म्हणतात, "लाल-पिवळा-निळा जुनं झालं, आता आरजीबी, म्हणजे पडद्याचे लाल-हिरवा-निळा, शिकवायचं." पहिलं उत्तर आळशी आहे. दुसरं जास्त नुकसान करतं, कारण ते ऐकलेलं पोर पुढच्या तासाला लाल नि हिरवा पोस्टर कलर कालवतं आणि हातात येतो चिखल.

बाटलीतल्या रंगाचं फार सांगत बसत नाही. तुम्ही ड्रॉइंगची परीक्षा कर्नाटकातली लोअर-हायर दिली असेल नाहीतर महाराष्ट्रातली एलिमेंटरी-इंटरमिजिएट, लेमन यलोत प्रशियन ब्लू घातला की हिरवा होतो हे हाताला माहीत आहे. का होतो, एवढंच एका ओळीत: रंगाची पूड उजेड खाते. पांढऱ्या कागदावर सगळा उजेड पडतो, पिवळी पूड त्यातला निळा-जांभळा भाग खाते, प्रशियन ब्लू तांबडा भाग खातो, आणि दोघांच्या तावडीतून सुटलेला हिरवा तेवढा डोळ्यापर्यंत येतो. जितके रंग घालाल तितकं खाणारं वाढतं, म्हणून मिश्रण काळपटत जातं.

पडद्याचं उलटं. तिथे सुरुवातच अंधारातून होते. चालू मोबाईलवर पांढरं पान उघडून काचेवर पाण्याचा अगदी बारीक थेंब सोडा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी तांबड्या, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची जाळी दिसते. पिवळं चित्र उघडलंत तर निळे ठिपके विझलेले आणि तांबडे-हिरवे पेटलेले. पिवळा दिवा मोबाईलमध्ये नाहीच. तांबडा नि हिरवा उजेड एकदम डोळ्यात शिरला की पिवळं दिसतं, कारण डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. स्कॉटिश शास्त्रज्ञ मॅक्सवेलनं १८६१ साली लंडनमध्ये हेच दाखवलं होतं: एका रंगीत फितीचे तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून काढलेले तीन काळे-पांढरे फोटो, तसल्याच तीन गाळण्यांमधून पडद्यावर एकावर एक पाडले आणि फीत रंगीत दिसली.

इथपर्यंतचं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. उजेड मिळवला की बेरीज, रंग कालवला की वजाबाकी, विषय संपला. खरा घोळ इथूनच पुढे सुरू होतो आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

मुलाला क्रिता, आयबिस पेंट असलं कुठलंही चित्राचं ॲप द्या. निळ्याचा पट्टा मारायला सांगा, मग ब्रशची ओपॅसिटी, म्हणजे खालचा रंग झाकायची ताकद, अर्ध्यावर आणून त्यावर पिवळा. पुस्तकातल्या वजाबाकीनं हिरवा यायला हवा. बेरजेनं पांढरा यायला हवा, कारण निळा अधिक पिवळा म्हणजे तांबडा, हिरवा, निळा तिन्ही आले. येतो काय? राखाडी. सिमेंटच्या पोत्यासारखा मेलेला राखाडी.

ॲपचा ब्रश ना बेरीज करतो ना वजाबाकी. तो सरासरी काढतो. निळा म्हणजे त्याच्या लेखी ०, ०, २५५ आणि पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. दोघांची अर्धी-अर्धी वाटणी केली की तिन्ही खात्यांत साधारण १२८. तिन्ही खाती सारखी म्हणजे राखाडी. लाल-हिरव्याचं असंच करून बघा: १२८, १२८, ०. पिवळा नव्हे, शेवाळी. म्हणजे वर प्रश्न विचारणाऱ्या पोरानं पिवळा पाहिला तो ब्रशनं कालवून नव्हे, रंग निवडायच्या चौकटीत तांबड्याची नि हिरव्याची घसरपट्टी दोन्ही पूर्ण उजवीकडे ओढून. एकाच ॲपमध्ये चौकट बेरीज करते आणि ब्रश सरासरी. त्यात भर म्हणजे बहुतेक ॲप सरासरी काढतात ती साठवलेल्या आकड्यांची, प्रत्यक्ष उजेडाची नाही. आकडा अर्धा म्हणजे उजेड अर्धा नसतो, बराच कमी असतो. उजेडाची काढली तर १२८ च्या जागी १८८ च्या आसपास आकडा येईल. म्हणून ॲपमधलं मिश्रण असावं त्याहूनही मळकट दिसतं, आणि मुलाला वाटतं आपलाच हात वाईट.

सरासरीचा रंग बघायचा तर आपल्याला लांब जायला नको. बेळगावात शहापूर, वडगाव, खासबागेतल्या विणकरांकडे धूपछाव साडी बघा. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. तांबडा नि हिरवा धागा घेतला तर दुरून पोत सोनेरी-तपकिरी दिसतो, जवळ गेलात तर दोन्ही धागे सुटे सुटे. तिथे काही कालवलेलं नसतं. डोळाच वाटणी करतो. तेच दोन रंग डायच्या बादलीत एकत्र ओतले तर येणारा काळपट रंग कुठलाही विणकर दारात उभा करणार नाही. वर्गात हे दाखवायला साडीचा हातभर तुकडा पुरतो, प्रोजेक्टर लागत नाही.

आता बाटलीकडे परत, कारण हिरव्याचं गुपित तिथेच आहे. पडद्यावरचा निळा निव्वळ निळा असतो, तांबडा शून्य, हिरवा शून्य. बाटलीतला प्रशियन ब्लू तसा नसतो. तो निळ्याबरोबर थोडा हिरवाही परत पाठवतो. हिरवा येतो तो त्या भेसळीच्या जिवावर. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकलेला, हिरवा फारसा परत पाठवत नाही, म्हणून त्याचा लेमन यलोबरोबर होणारा हिरवा मंद, काहीसा करडा. "निळा अधिक पिवळा बरोबर हिरवा" असं फळ्यावर लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. कुठला निळा? कुठला पिवळा? क्रोम यलोत अल्ट्रामरीन घालून झाडं रंगवलेली मुलं मी पाहिली आहेत. खानापूरच्या जंगलाचा हिरवा त्यातनं जन्मात यायचा नाही.

दुसरा राग रंगचक्रांच्या तक्त्यांवर. नेटवरून उतरवलेल्या तक्त्यांत बरेचदा दोन चक्रं एकमेकांत घुसलेली असतात: मूळ रंग चित्रकाराचे, विरोधी रंग उजेडाचे. चित्रकाराच्या चक्रात लालसमोर हिरवा. उजेडाच्या चक्रात लालसमोर सायन, म्हणजे निळसर-हिरवा. कुठलं खरं हे मुलांनाच ठरवू द्या. चांगल्या उजेडात एक झणझणीत तांबडा गोल अर्धा मिनिट टक लावून बघायला लावा, मग नजर कोऱ्या कागदावर. तिथे तरंगतो तो कडुनिंबाचा हिरवा नसतो, निळसर असतो. डोळा उजेडाच्या चक्राप्रमाणे चालतो. चित्रकाराचं चक्र रंग कालवायच्या कामाचं, ते तिथे ठेवावं.

आणि लाल मूळ आहे, तो कशातनंही बनत नाही, हेही आता पुरे. छपाईवाल्याला विचारा. मॅजेंटा, म्हणजे जांभळट-गुलाबी, नि पिवळ्या शाईतनं तो रोज लाल काढतो.

मग वर्गात करायचं काय? माझं मत पक्कं आहे. सातवीपर्यंत रंग कालवणं पडद्यावर शिकवूच नये. बाटल्या, पाण्याचा डबा, जुनी ताटली. ॲप रेषेसाठी, रचना हलवून बघण्यासाठी, एकच चित्र चार रंगसंगतींत करून बघण्यासाठी वापरा. त्यात कागद वाचतो आणि मुलं धीट होतात. बेरीज दाखवायची तर खिडक्या लावून खोली काळोखी करा, दोन मोबाईलवर पूर्ण तांबडा नि पूर्ण हिरवा पडदा उघडून दोन्हींचा उजेड एकाच पांढऱ्या कागदावर पाडा. फिकट का होईना, पिवळा दिसतो. जिलेटीन कागद लावलेल्या बॅटऱ्यांनीही होतं, पण तिसरी निळी बॅटरी जोडून पांढरा काढायला गेलात तर स्वस्तातला निळा जिलेटीन बाकीचा उजेडही सोडतो, तेव्हा शुभ्र पांढऱ्याची आशा धरू नका.

वरच्या वर्गांना ॲपमध्येच वजाबाकी दाखवायची असेल तर एक सोय आहे. नवा लेअर घ्या, त्याच्या यादीत 'नॉर्मल' असतं तिथे 'मल्टिप्लाय' करा. खाली सायन, वर पिवळा: लख्ख हिरवा. मात्र सायनच घ्या. निव्वळ निळा घेतलात तर मल्टिप्लायमध्ये पिवळ्याखाली काळाकुट्ट होतो, कारण एकाचं सगळं दुसऱ्यानं खाल्लं. रिबेल नावाच्या एका ॲपच्या प्रो आवृत्तीत खऱ्या पुडीसारखं मिश्रण करण्याची सोय आहे आणि तिथे निळ्या-पिवळ्याचा हिरवा ब्रशखालीच येतो. ते विकतचं आहे. शाळेनं घ्यावं असं मी म्हणणार नाही, तेवढ्या पैशात वर्षभराचे रंग येतात.

बाकीचे फरक किरकोळ. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही; त्याचा काळा म्हणजे तुमची भिंत. बेळगावचे चित्रकार के. बी. कुलकर्णी यांचं एखादं पोर्ट्रेट उघड्या खिडक्यांच्या वर्गात भिंतीवर पाडलंत तर छाया चुन्याच्या रंगाच्या होतात आणि मुलांना वाटतं चित्रकारानंच फिकं रंगवलंय. पडदे ओढा, नसले तर चित्र मोबाईलवर हातोहात फिरवा. एकाच चित्राचा रंग दोन मोबाईलवर दोन तऱ्हांचा दिसतो, ते प्रत्येकाच्या पडद्यामुळे आणि त्याच्या सेटिंगमुळे. त्यात शिकवण्यासारखं काही नाही.

स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स तेवढा सांगतो. पडद्यावर झगझगीत निळा निवडून फाईल पाठवता आणि बॅनर येतो जांभळट. दुकानदारानं शाई वाचवलेली नसते. तो निळा चार शायांत बसतच नाही. पोपटी-निऑनचीही तीच गत. फाईल देण्याआधी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शायांत, बदलून बघा, आणि निळ्यातला मॅजेंटा बराच कमी करून वीतभर तुकडा आधी छापून मागा.