«कोणती किल्ली?» : खरी संदिग्धता आणि मोजणीतली चूक

मजकुरावर चालणाऱ्या बहुखेळाडू खेळांना, १९७८ साली एसेक्स विद्यापीठात सुरू झालेल्या अशा पहिल्या खेळाच्या नावावरून, आजही मड म्हणतात. अशा खेळात खेळाडू «किल्ली घे» असे टाइप करतो आणि सर्व्हर उलट विचारतो, «कोणती किल्ली?» हा एकच प्रश्न दोन अगदी वेगळ्या कारणांनी पडद्यावर येऊ शकतो, आणि ती कारणे वेगळी न ओळखता केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा बिघाड वाढवते.

पहिले कारण म्हणजे खरी संदिग्धता. खोलीत पितळी किल्ली आणि लोखंडी किल्ली अशा दोन वस्तू आहेत आणि «किल्ली» हा शब्द दोघींनाही लागू पडतो. येथे सर्व्हरचे काहीच चुकलेले नाही. त्याने विचारलेच पाहिजे. दुसरे कारण म्हणजे एकच वस्तू दोनदा मोजली जाणे. किल्ली एकच असते, पण तिचे मुख्य नावही जुळते आणि पर्यायी नावही जुळते, किंवा शोधाचा कोड ती हातातल्या वस्तूंच्या यादीतून एकदा आणि जवळपासच्या सर्व वस्तूंच्या यादीतून पुन्हा एकदा उचलतो. यादीची लांबी २ भरते आणि «एकापेक्षा जास्त» ही अट खरी ठरते.

खेळाडूच्या तक्रारीवरून हा फरक कळत नाही, आणि लॉगवरूनही (सर्व्हर ठेवत असलेल्या नोंदींवरूनही) कळेलच असे नाही. मी स्वतः एका सर्व्हरवर असा दोष शोधताना लॉगमध्ये «पितळी किल्ली, पितळी किल्ली» असे वाचले आणि कोणीतरी चुकून दोन किल्ल्या तयार केल्या असे धरून बराच वेळ खोलीची माहिती तपासत बसलो. नावाऐवजी प्रत्येक वस्तूचा वेगळा असणारा क्रमांक छापला, तेव्हा दोन्ही ठिकाणी ४१२ दिसला आणि दोष जुळणीच्या कोडमध्ये आहे हे स्पष्ट झाले. तेथे ४१२ आणि ५३० असे दिसले असते, तर खोली तपासणेच योग्य ठरले असते. म्हणून जुळणीच्या लॉगमध्ये क्रमांक, कोणते नाव जुळले आणि वस्तू कोणत्या यादीतून आली, या तिन्ही गोष्टी असाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

लॅम्डामू या सर्व्हरने हा भेद नेमका पाळला आहे. तो खेळाडूजवळच्या आणि खोलीतल्या वस्तूंची नावे व पर्यायी नावे तपासतो. नवी जुळणी आधी सापडलेल्याच वस्तूची असेल तर ती पुन्हा मोजत नाही, आणि वस्तू वेगळी असेल तरच उणे २ हा संदिग्धतेचा क्रमांक परत करतो. काहीच न सापडल्यास उणे ३ येतो. पूर्ण जुळणी अर्धवट (नावाची फक्त सुरुवात जुळणाऱ्या) जुळणीपेक्षा वरचढ मानली जाते, आणि देवनागरीत तर हा नियम फारच गरजेचा आहे. «दार» या शब्दाने «दारूगोळा»ची सुरुवात होते असे कोडला दिसते, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरे साठवतो त्या पद्धतीत, «रू»चा दीर्घ ऊकार «र»नंतरचे वेगळे चिन्ह असतो. वाचणाऱ्याला मात्र तेथे «दार» दिसतच नाही.

दुरुस्त्याही वेगळ्या आहेत. दुहेरी मोजणीवर उपाय म्हणजे क्रमांकावरून पुनरावृत्ती काढणे. ती नावावरून काढली, तर «पितळी किल्ली» याच नावाच्या खरोखरच्या दोन वस्तूंपैकी एक गुपचूप नाहीशी होते आणि खेळाडूला दुसरीपर्यंत पोहोचताच येत नाही. खऱ्या संदिग्धतेत खेळाडूला निवडीची सोय द्यावी लागते, जशी डिकूमड या मडच्या परंपरेतल्या खेळांत नावाआधी कितवी वस्तू हे सांगणारा अंक आणि बिंदू लिहून दिलेली असते. «यादीतली पहिली वस्तू घ्या» या झटपट उपायाने दोन्ही प्रकारचे प्रश्न बंद होतात खरे, पण मग «किल्ली टाकून दे» म्हणणाऱ्याच्या हातून नको ती किल्ली जाते. दुरुस्तीनंतर दोन चाचण्या एकत्र चालवाव्यात: दोन पर्यायी नावे असलेली एकच किल्ली ठेवल्यास प्रश्न येता कामा नये, आणि एकाच नावाच्या दोन किल्ल्या ठेवल्यास तो आलाच पाहिजे.